छोट्या ट्रॅक्टरची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? नवी आणण्याआधी एवढं बघा

द्राक्षबागेत औषध मारायला वापरतो त्या १८ ते २८ एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरविषयी हे आहे. मी निफाड तालुक्यातला शेतकरी, गॅरेजवाला नाही. पण ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्या वस्तीवरचे चार-पाच ट्रॅक्टर तरी माझ्या पडवीसमोर येतात, त्यातले निम्मे दोरीने ओढत. तक्रार एकच: "भाऊ, बॅटरी गेली." खरोखर बॅटरी गेलेली असते ती दहात तीन-चार वेळा. हे मी शिकलो ते स्वतःचे पैसे घालवून. माझ्या ट्रॅक्टरला तीन वर्षांत दोन बॅटऱ्या नव्या बसवल्या, आणि दोष निघाला इंजिनाकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. ती पट्टी दीडशे रुपयांची.

नवी बॅटरी टाकली की असला दोष जात नाही, दोन-तीन महिने दडून बसतो. ताज्या बॅटरीत एवढा दम असतो की खराब जोडातूनही ती सेल्फ फिरवून दाखवते. मग पुन्हा तेच, आणि तेही नेमकं रात्री पाऊस पडून गेलाय, सकाळी डावणीचा (द्राक्षावरच्या बुरशीरोगाचा) फवारा उरकायचाय अशा दिवशी.

लक्षणं

• चावी फिरवली की एकदाच ‘टक्’ होतं आणि सगळं गप्प.
• ‘टकटकटकटक’ असा भरभर आवाज येतो, दिवेही त्याच तालावर मिचमिचतात.
• सेल्फ फिरतो पण कण्हत, दोन फेरे घेतो आणि अडतो.
• सेल्फ काहीच करत नाही, हेडलाइट मात्र झकास लागतो.
• दिवा नाही, हॉर्न नाही, सगळं मेलेलं.
• दिवसभर उत्तम चालतो, रात्रभर उभा राहिला की सकाळी उतरलेला.
• सकाळी एका सेल्फला लागतो, पण दुपारी टाकी भरायला बंद केला की पुन्हा लागत नाही.
• बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा इंजिन चालू झाल्यावरही विझत नाही, किंवा मंद पेटून राहतो.
• बल्ब वरचेवर उडतात, बॅटरीचं पाणी आठ-पंधरा दिवसांत खाली जातं, जवळ गेलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो.

यातलं आपलं कोणतं ते आधी ठरवा. मी येणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारतो: उभ्या-उभ्या उतरते की कामात उतरते? उभ्या-उभ्या उतरत असेल तर कुठेतरी करंट गळतोय, नाहीतर बॅटरी साठवूनच ठेवत नाही. कामात उतरत असेल तर चार्जिंग भरत नाही. आणि उतरलेलीच नाही, फक्त सेल्फपर्यंत पोचत नाही, हा तिसरा प्रकार. आमच्याकडे सर्वांत जास्त हाच भेटतो आणि सर्वांत जास्त बॅटऱ्या याच्यापायीच फुकट बदलल्या जातात.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. "टाकी भरायला दहा वेळा बंद-चालू केला म्हणून बॅटरी बसली" असं सगळे म्हणतात. हिशेब करून बघा. सेल्फ २०० अँपिअर ओढतो आणि इंजिन तीन सेकंदांत लागतं असं धरू. २०० गुणिले ३ म्हणजे ६०० अँपिअर-सेकंद, म्हणजेच एक अँपिअर-तासाचा सहावा भाग. दहा वेळा मारला तरी दोन अँपिअर-तासही होत नाहीत. ५० अँपिअर-तासाच्या बॅटरीला ते काहीच नाही, आणि चार्जिंग नीट असेल तर अर्ध्या तासाच्या फवारणीत ते परतही येतं. दहा सेल्फमध्ये जी बॅटरी बसते ती मुळात भरलेलीच नव्हती.

हात लावण्याआधी

मल्टिमीटर हवा. पाचशेच्या आतला साधा चालतो. १०, १२, १३ नंबरचे पान्हे, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, खायचा सोडा, व्हॅसलीन. जमलं तर हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी.

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. आमच्या चुलत्यांनी स्टीलचं कडं हातात ठेवून लाल टर्मिनलचा नट फिरवला. पान्हा धरलेला हात चौकटीला टेकला, एक निळा चटका, आणि कड्यावर तुरीच्या दाण्याएवढा खड्डा पडला. मनगटावरचा डाग तीन महिने होता, कड्यावरचा अजून आहे. म्हणून काढताना काळी तार आधी, लावताना काळी सगळ्यात शेवटी. काळी निघालेली असली की मग लाल बाजूचा पान्हा चौकटीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. आणि बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि बंद बॉनेटखाली तो साठतो.

पहिलं: टर्मिनल आणि जोड

खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं. द्राक्षवाल्यांनी तर हे दर महिन्याला करायला हवं, कारण आपल्या ट्रॅक्टरसारखे हाल दुसऱ्या कोणत्या ट्रॅक्टरचे होत नसतील. मोरचूद, गंधक, विद्राव्य खतं, सगळं ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) धुक्यातून उडून बॉनेटच्या जाळीतून आत जातं. पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर ती उघड दिसते. न दिसणारी जास्त त्रास देते. क्लँप बाहेरून चकचकीत, नट घट्ट, आणि आत शिशाच्या खुंटीवर काळपट पापुद्रा. तो पापुद्रा छोटा करंट जाऊ देतो, म्हणून दिवे लागतात. सेल्फचे दोनशे अँपिअर मात्र त्यातून जात नाहीत. ‘टक्’ होऊन गप्प बसण्याचं हे पहिलं कारण.

क्लँप हाताने पिळून बघा. हलला तर तिथेच थांबा, दोष सापडला. नाही हलला तरी काढाच. खुंटी आणि क्लँपचा आतला भाग पॉलिश पेपरने शिसं चमकेपर्यंत घासा. बुरशी सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा. झाकणं घट्ट लावून धुवायचं, सोडा सेलमध्ये गेला तर आतलं ॲसिड मारतो. कोरडं करून क्लँप लावा, कसा, आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन आणि मग क्लँप असं नको.

आता एक युक्ती, मला सगळ्यात आवडते ती. स्टॉप (इंजिन बंद करायचा दांडा) ओढून ठेवून पाच सेकंद सेल्फ मारा, चावी काढा आणि लगेच एकेका जोडाला बोट लावत जा. बॅटरीच्या दोन खुंट्या, काळ्या तारेचं दुसरं टोक, लाल तारेचं सेल्फकडचं टोक. चांगला जोड थंड राहतो. जो गरम लागेल तिथे करंट अडतोय. मीटर घरी राहिला तरी हे जमतं.

बॅटरीच्या पाठीवरचा चिखलही पुसा. औषधाचा ओला थर दोन खुंट्यांच्या मधून बारीकसा करंट वाहून नेतो. खोटं वाटत असेल तर मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक प्लस खुंटीवर आणि काळं टोक नुसतं प्लास्टिकवर सरकवा. मीटरने आकडा दाखवला तर समजा ती घाण रात्रंदिवस बॅटरी खातेय.

दुसरं: पाणी

झाकणाची बॅटरी असेल तर सहाही झाकणं उघडून बघा. प्लेटांच्या वर साधारण १० ते १२ मिलिमीटर पाणी हवं, किंवा डब्यावरच्या दोन रेषांच्या मध्ये. फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी शुद्ध दिसतं पण त्यात क्षार उरतातच, आणि बोअरचं तर आपण जाणतोच. ॲसिड कधीही टाकू नका, उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. सहापैकी एकाच सेलचं पाणी सारखं कमी होत असेल तर तो सेल गेलाय. सहाही सेलचं भराभर कमी होत असेल तर बॅटरीचा दोष नाही, चार्जिंग जास्त होतंय. ते पुढे येतंच.

तिसरं: उभ्या बॅटरीचा आकडा

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरवर, सकाळी चावी लावायच्या आधी मोजा. नुकतंच इंजिन बंद केलं असेल तर आकडा फुगलेला येतो; घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि मग मोजा.

१२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ म्हणजे पाव. ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. आणि १०.५ च्या आसपास आकडा अडकून बसला असेल, रात्रभर चार्ज करूनही तिथेच येत असेल, तर सहातला एक सेल मेलाय. प्रत्येक सेल दोन व्होल्टांहून थोडा जास्त देतो, त्यामुळे हे गणित सरळ आहे. अशा बॅटरीवर पुढे वेळ घालवू नका.

हायड्रोमीटर असेल तर आपल्याकडच्या हवामानासाठी भरलेल्या बॅटऱ्यांत पूर्ण चार्जला साधारण १.२४० ते १.२६० येतं. आकड्यापेक्षा सहा सेलमधला फरक बघा. पाच एकसारखे आणि एक खूप खाली, तर तोच आजारी.

रिकामी निघाली तर आधी सावकाश चार्ज करा. ५० अँपिअर-तासाची असेल तर पाच अँपिअरने दहा-बारा तास. दुकानात "तासाभरात फुल करून देतो" म्हणतात तिथे देऊ नका. प्लेटा तापतात, वाकतात. उतरलेल्या बॅटरीवर पुढची कोणतीही तपासणी केली तर उत्तर चुकीचंच येतं. चार्जिंग ठीक असूनही आकडा पडलेला दिसतो आणि आपण विनाकारण अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) खोलून बसतो.

चौथं: सेल्फ मारताना काय होतं

मीटर दोन खुंट्यांवर, क्लँपवर नाही. स्टॉप ओढलेला, म्हणजे इंजिन लागणार नाही. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, पाच-सात सेकंद, जास्त नाही. आकडा ९.६ च्या वर टिकला तर बॅटरी जोर देतेय. पूर्ण चार्ज असूनही तो सात-आठवर कोसळला तर बॅटरीचा दम संपलाय, नाहीतर सेल्फच आत अडकून बेसुमार करंट ओढतोय. या दोन्हींतला फरक घरी कळत नाही. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्टर असतो, तिथे दोन मिनिटांत कळतं. वॉरंटी कार्ड घेऊन जा.

आणि आकडा १२ च्या वरच राहिला, सेल्फ मात्र हलला नाही? मग बॅटरीचा काही दोष नाही. करंट निघालाच नाही किंवा वाटेत अडलाय.

पाचवं: अर्थिंग

इथे मी जरा रेंगाळणार आहे. लाल तार सगळे बघतात, काळीकडे कोणी ढुंकून बघत नाही. जेवढा करंट लाल तारेतून जातो तेवढाच काळीतून परत यावा लागतो.

माझ्या मॉडेलमध्ये इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलंय. काळी तार पुढच्या चौकटीला जाते आणि तिथून एक विणलेली तांब्याची पट्टी इंजिनाला. दुसरी नवी बॅटरी बसवून दोन महिने झाले आणि सेल्फ परत कण्हू लागला. त्या दिवशी मी वैतागून चार-पाच वेळा सलग सेल्फ मारला आणि स्टॉपचा दांडा धरला तर तो कोमट लागला. केबल चाचपली, तिच्यावरचं प्लास्टिक मऊ पडलेलं. स्टॉपची केबल कशाला तापेल? तर सेल्फचा करंट परतीची वाट सापडेना म्हणून त्या केबलच्या बारीक तारेतून बॅटरीकडे चालला होता. खाली वाकून पट्टी बघितली. वरून मोरचुदाची निळसर झाक, बाकी अखंड. बोल्ट सोडून हातात घेतली आणि जरा वाकवली तर चहात बुडवलेल्या पावासारखी तुटून आली.

तुम्ही एवढी वाट बघू नका. जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीला लावा, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, रंग नसेल तिथे. सेल्फ मारा. आता जोरात फिरला तर अर्थिंग खराब. एवढी सोपी, बिनखर्चाची तपासणी दुसरी नाही.

मीटरने करायची तर काळं टोक मायनस खुंटीवर, लाल टोक इंजिनाच्या लोखंडावर, आणि सेल्फ मारताना आकडा बघा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. लाल बाजूला तसंच: एक टोक प्लस खुंटीवर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर, ०.५ च्या आत हवा. जास्त आला तर टोकं एकेक जोड पुढे सरकवत जा, जिथे आकडा एकदम उडी मारेल तो जोड उघडा. तारेच्या टोकाच्या धातूच्या लगमध्ये जिथे तार दाबलेली असते तिथे रबर फुगलेलं दिसलं तर आत हिरवी भुकटी झालीय असं समजा. तार बदला, टेप गुंडाळू नका.

सहावं: दिवे झकास, सेल्फ मुका

क्लच पूर्ण दाबा, पीटीओचा (मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा) दांडा सोडा, गिअर न्यूट्रलला. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत क्लचखाली किंवा गिअरपाशी सुरक्षेचा स्विच असतो. तो दाबला गेला नाही तर सेल्फला करंटच जात नाही. चिखल बसून हा स्विच अडकतो किंवा त्याची तार निसटते. मागे गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टवर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र बघायला गेलो होतो, तिथे हाच खेळ होता. त्या यंत्राला सीटखालीही स्विच असतो, आणि सीटच्या फोमात पाणी मुरून त्याच्या पिना गंजल्या होत्या. त्यांनी तोवर बॅटरी बदलून झाली होती.

आणि आता जे सांगतो ते हात जोडून. सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर आडवा ठेवून ट्रॅक्टर चालू करायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने क्लचच्या, गिअरच्या, सगळ्या स्विचांना वळसा पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो लागता क्षणी पुढे जातो आणि स्क्रूड्रायव्हर धरलेला माणूस मागच्या चाकापुढे उभा असतो. तपासणी म्हणूनही हे करू नका. स्विच शे-दोनशेत मिळतो.

सातवं: चार्जिंग

आधी पट्टा. अंगठ्याने मधोमध दाबला तर १० ते १२ मिलिमीटर दबावा. जास्त दबला तर तो घसरतोय. घसरणारा पट्टा दिवे लावल्यावर किंचाळतो, आतून चकाकतो. पट्ट्यावर तेल पडलं असेल तर ताणून उपयोग नाही, बदला.

मग लाल दिवा. चावी ऑन, इंजिन बंद, तर तो लागलाच पाहिजे. हा नुसता सूचना देणारा दिवा नव्हे. पुष्कळ अल्टरनेटरांना जागं करणारा पहिला करंट याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर झोपलेलाच राहतो, आणि आपण म्हणतो दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी मी अल्टरनेटर खोलायला नेलेले बघितलेत.

आता आकडा. भरलेली बॅटरी, इंजिन चालू, हातअ‍ॅक्सिलेटर १५०० आरपीएमच्या आसपास, मीटर दोन खुंट्यांवर. १३.८ ते १४.५ आला तर चार्जिंग उत्तम. १२.५ वरच बसून राहिला किंवा हळूहळू उतरत गेला तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा) गेलाय. उडणारे बल्ब, आटणारं पाणी, तो वास, सगळं त्याचंच. हेडलाइट लावून पुन्हा बघा. थोडा उतरेल, पण १३ च्या वर टिकायला हवा.

चार्जिंग येत नसेल तर इंजिन बंद करून अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर, ज्याला बी प्लस म्हणतात, तिथे मोजा. बॅटरीएवढाच आकडा यायला हवा. शून्य आला तर मधला मोठा फ्यूज किंवा फ्यूजची तार गेलीय आणि अल्टरनेटर बिचारा ठीक असू शकतो.

चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून "बघ, बंद पडतो का" ही तपासणी मात्र विसरा. डायनॅमोच्या जमान्यात ती चालून जायची. अल्टरनेटरला लागलेली बॅटरी अचानक निघाली की व्होल्टेज उसळी घेतं आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा रेग्युलेटर उडतो. शिवाय त्यातून काही सिद्धही होत नाही, कारण साध्या पंपाचं डिझेल इंजिन एकदा लागलं की बॅटरीशिवायही चालतं.

काही छोट्या ट्रॅक्टरांत अल्टरनेटर नसतोच, चुंबकाचा लहान डायनॅमो आणि वेगळं रेग्युलेटर युनिट असतं. त्याची क्षमता मुळात कमी. अशा ट्रॅक्टरवर रात्रीच्या फवारणीसाठी १०० वॅटचे दोन हॅलोजन लावले की तेच सोळा-सतरा अँपिअर खातात. मग दोष शोधत बसू नका, दोष तुम्हीच लावलाय. एलईडी टाका. या प्रकारात रेग्युलेटर युनिटचा पत्रा चौकटीला रंगावरून बसवलेला असेल तर त्यालाही अर्थिंग मिळत नाही. बोल्टखालचा रंग खरवडा. डायनॅमोकडून येणारा सॉकेट काढून त्या दोन तारांवर मीटर एसीवर ठेवा, आरपीएम वाढवा. आकडा चढत गेला तर डायनॅमो जिवंत आहे, संशय रेग्युलेटरवर. चढलाच नाही तर डायनॅमोवर.

आठवं: रात्रीची चोरी

उभ्या-उभ्या उतरणाऱ्यांसाठी. सकाळी पहिल्यांदा अल्टरनेटरला हात लावा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर गार हवा. कोमट लागला तर आतला डायोड फुटलाय आणि बॅटरी उलटी त्यातून वाहतेय. चालू इंजिनावर लाल दिवा मंद पेटून राहत असेल तर हाच संशय अजून पक्का.

जुन्या डायनॅमोच्या ट्रॅक्टरात कटआऊटचे (डायनॅमो थांबला की बॅटरी तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटून हेच होतं.

हात गार लागला तर: चावी बंद, काळी तार काढा, खुंटी आणि तार यांच्यामध्ये आधी १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब लावून बघा. भक्क पेटला तर गळती मोठी आहे, मीटर मध्ये घालू नका, मीटरचा फ्यूज उडेल. पेटला नाही तर मीटर १० अँपिअरवर ठेवून त्याच जागी. या वेळात चावी अजिबात फिरवायची नाही. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर सोडून द्या, पण तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे महिनाभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी तरीही बसते. जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडेल ती लाइन.

मला आजवर सापडलेले चोर: गाण्यांच्या टेपची थेट बॅटरीवर दिलेली तार, मोबाइल चार्जरचं सॉकेट, बॉनेटवरची शोभेची एलईडी पट्टी. तिन्ही आपणच लावलेले, तिन्ही चावीला वळसा घालून. कंपनीच्या वायरिंगमधला चोर मला दोनदाच भेटला, दोन्ही वेळा चावीचाच स्विच होता.

डिसेंबरात आमच्याकडे पारा पाच-सहापर्यंत उतरतो तेव्हा एवढं लक्षात ठेवा की थंडीत बॅटरी कमी देते, तेल घट्ट होतं आणि हीटर प्लगही (थंड इंजिन लागण्याआधी गरम करणारा) तिच्यातूनच खातो. उन्हाळ्यात चालून गेलेली पाऊण भरलेली बॅटरी अशा पहाटे दगा देते. ट्रॅक्टर आठवड्याहून जास्त उभा राहणार असेल तर काळी तार काढून ठेवा. आणि ट्रॅक्टरला किंवा जोडलेल्या ट्रॉलीला वेल्डिंग करायचं असेल तेव्हाही ती आधी काढा, नाहीतर वेल्डिंगच्या करंटाने अल्टरनेटर जळू शकतो.

इथे हात आखडा

बॅटरी फुगलेली, चिरलेली किंवा गळती असेल तर ती चार्जही करू नका, जंपही देऊ नका. डोळ्यात ॲसिड उडालं तर साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवत राहा आणि तसेच दवाखान्यात जा. घरचे उपाय नकोत. तार जळाल्याचा वास आला, फ्यूज बदलला की लगेच पुन्हा उडतो, तर जाड फ्यूज किंवा तार घालून चालवू नका, त्याने वायरिंग पेटतं.

अल्टरनेटर उघडणं, डायोड बदलणं, सेल्फचं आर्मेचर आणि कार्बन, हे ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम. मी एकदा घरी अल्टरनेटर खोलला होता, कार्बनच्या स्प्रिंगा उडाल्या त्या पुढच्या छाटणीला सापडल्या. वॉरंटीतल्या ट्रॅक्टरची वायरिंग तर तोडूच नका, टर्मिनल, पाणी आणि फ्यूज एवढंच बघा आणि सर्व्हिसवाल्याला बोलवा.

त्याला फोन करताना "बॅटरी गेली" म्हणू नका, नाहीतर तो बॅटरीच घेऊन येईल. हे चार आकडे सांगा: सकाळचा उभा आकडा, सेल्फ मारतानाचा, १५०० आरपीएमचा आणि अर्थिंगचा. मी ते मार्करने बॉनेटच्या आतल्या बाजूला तारखेसकट लिहून ठेवतो. गेल्या वेळी आमच्या इलेक्ट्रिशियनने ते वाचले, पिशवी उघडलीही नाही, आणि म्हणाला, "रेग्युलेटर घेऊन उद्या येतो."